कळलं नाही, पुन्हा वाच

(स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या वाचनशिबिरातील भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



अवघड कविता गटात बसून वाचायची असं म्हटलं, की तीन आक्षेप हमखास येतात. ते मी आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणाला मनात धरून बसायला नको.

पहिला आक्षेप वेळेचा. सल्ला केंद्रावर मारहाणीच्या, टाकून दिल्याच्या, पोटगीच्या केसेस रांगेत उभ्या आहेत, आणि तुम्ही कविता कसल्या वाचताय? दुसरा आक्षेप उपयोगाचा. गाणं मोर्चात म्हणता येतं, पथनाट्य चौकात करता येतं. जिचा अर्थच लागत नाही त्या कवितेचं करायचं काय? तिसरा आक्षेप मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गटात काहीजणी एम.ए. झालेल्या, काहीजणींची शाळा चौथीत सुटलेली. अवघड कविता मध्ये ठेवली की शिकलेल्या बोलणार आणि बाकीच्या माना डोलावणार. जे शाळेत झालं, सासरी झालं, तेच पुन्हा आपल्या गटात.

या तिसऱ्या आक्षेपाचं उत्तर सापडलं, तर पहिल्या दोहोंचंही सापडेल असं मला वाटतं. म्हणून आज त्याच्याच मागे लागू या.

चळवळीनं आपल्याला सोपं बोलायला शिकवलं. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली आलं आणि गावोगाव गेलं. कायद्याच्या पुस्तिका, भित्तिपत्रकं, ओव्यांच्या चालीवरची गाणी, हे सगळं ज्यांनी केलं त्यांनी फार मोठं काम केलं. पण यातून हळूहळू एक समज तयार झाली. बायकांना द्यायचं ते सोपंच द्यायचं, चावून मऊ केलेलंच द्यायचं. ही समज आपल्या मायेतून आली असेल, पण तिच्यात एक निवाडाही लपलेला आहे. या बाईला यापेक्षा जास्त झेपणार नाही, हे आपण तिला न विचारताच ठरवून टाकतो. तुला काय कळतंय, गप बस, हे वाक्य आपण घरात ऐकलं. त्याचीच ही गोड भाषेतली आवृत्ती.

आणि बायकांना अवघड झेपत नाही हे खरं तरी आहे का? तेराव्या शतकातल्या मुक्ताबाईचा मुंगीचा अभंग घ्या. मुंगी आकाशात उडते, सूर्याला गिळते. आपल्याकडे अशा रचनांना कूट म्हणतात. सातशे वर्षं झाली, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी तो अभंग म्हटलाय. म्हणताना कुणी अडून बसलं नाही, की आधी अर्थ सांगा, मग गाते. म्हणत राहिल्या, अर्थ आपापल्या वेळेला येत गेला. कुणाला बाळंतपणानंतर आला असेल, कुणाला म्हातारपणी. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या वाचायला बसा. सीतेचा वनवास कुठे संपतो आणि गाणारीचा कुठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. शहरातल्या प्राध्यापकालाही तिथे थांबून विचारावं लागतं, की बाई, इथे तू कुणाबद्दल बोलतेयस?

तेव्हा ‘अवघड’ या शब्दापुढे दर वेळी एक प्रश्न लावायची सवय करू या : अवघड कुणाला?

मराठीत याला ‘दुर्बोधता’ असा भारदस्त शब्द आहे. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ साली आला, तेव्हा तो फार गाजला. यंत्रयुग, महायुद्ध, शहरातली माणसांची गर्दी आणि तिच्यातलं एकटेपण त्यांनी अशा भाषेत आणलं, की अनेकांनी कपाळाला हात लावला. कविता कळतच नाही, अशी ओरड झाली. त्याच कवितांवर अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. गंमत बघा. कळत नाही हीही तक्रार, आणि कळलं ते वाईट आहे हीही तक्रार! नव्या भाषेची भीती वाटली की असंच होतं. बाई बोलू लागली की तिच्याही बाबतीत हीच दोन वाक्यं एका दमात येतात. ती काय बोलते ते तिचं तिला तरी कळतं का? आणि बोलते ते किती वंगाळ!

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. तेंडुलकरांसारख्या मुरलेल्या लेखकालाही त्यातले कितीतरी शब्द परके होते. ते कवीकडून समजून घ्यावे लागले. पण ते शब्द कामाठीपुऱ्यात राहणाऱ्या बाईला परके नव्हते. ती रोज तेच बोलत होती. म्हणजे ‘गोलपिठा’ अवघड आहे असं म्हणणारा माणूस स्वतःचा पत्ता सांगत असतो. आपण मुंबईच्या कुठल्या बाजूला राहतो, हे सांगत असतो.

हे लक्षात घेतलं की एकत्र वाचण्याचा मुद्दा सरळ होतो. एकटीनं वाचताना अवघड वाटतं ते बहुतेक वेळा आपल्या आयुष्याच्या बाहेरचं असतं. गटात दहा आयुष्यं असतात.

आता ज्या पुस्तकासाठी आपण जमलोय त्याकडे येते. अरुण कोलटकरांचं ‘भिजकी वही’. कोलटकर १९३१ साली कोल्हापुरात जन्मले, मुंबईत राहिले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत त्यांनी कविता लिहिल्या. ‘भिजकी वही’ २००३ साली प्रास प्रकाशनानं काढलं. पुढच्याच वर्षी ते गेले आणि २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार पुस्तकाला त्यांच्या पश्चात मिळाला. जवळजवळ चारशे पानांचं हे पुस्तक बायकांच्या अश्रूंचं आहे. कुठल्या बायका? इजिप्तची देवता इसिस. खरं बोलणारी पण कुणी विश्वास न ठेवलेली ट्रॉयची कॅसांड्रा. इसवी सन ४१५मध्ये अलेक्झांड्रियात जमावानं ठार मारलेली गणिती हिपेशिया. नवऱ्याला अन्यायानं मारलं म्हणून मदुराई पेटवणारी कण्णगी. ऋग्वेदातली अपाला. पिकासोनं रडताना रंगवलेली डोरा मार. व्हिएतनाममधली किम. रशियातली नादेझ्दा.

भाषा साधी, बोलण्यातली. ओळी छोट्या. तरीही पुस्तक अवघड. कारण ही नावं आपल्याला ठाऊक नसतात, आणि कोण कुणाशी बोलतंय ते कवी आपल्याला हात धरून सांगत नाही.

गटात वाचताना पहिला पेच इथेच पडतो. माहिती कुणाकडे असते? शिकलेलीकडे. ‘अपाला’ घ्या. संस्कृत जाणणारी मैत्रीण गटात असली तर ती सांगेल, की ऋग्वेदाच्या आठव्या मंडलात अपालेचं सूक्त आहे. नवऱ्याला नकोशी झालेली ही बाई. परंपरा सांगते की तिला त्वचेचा रोग होता. ती पाण्याला जाते, वाटेत तिला सोम सापडतो, तो ती दातांनी चावून त्याचा रस काढते आणि इंद्राला देते. तीन गोष्टी मागते. बापाच्या टकलावर केस उगवू देत, त्याच्या शेतात पीक उगवू दे, आणि माझ्या अंगावर उगवू दे. इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जोखडाच्या भोकातून ओढून काढतो आणि तिची कातडी सूर्यासारखी होते.

सगळी माहिती उत्तम. पण ती कवितेच्या आधी सांगितली की काय होतं बघा. वीस मिनिटांचं व्याख्यान झालं, सगळ्या वहीत लिहून घेतात, आणि मग कवितेबद्दल कुणी तोंड उघडत नाही. कीर्तनात निरूपण बुवा करतात आणि आपण ऐकतो, तशी बैठक होते. बुवांच्या जागी बाई बसली, एवढाच फरक.

उलट कविता आधी मोठ्यानं वाचली, दोनदा वाचली, आणि कुणाला कुठला शब्द लागला एवढंच विचारलं, तर वेगळं घडतं. अंगावर कोड आलं म्हणून माहेरी आणून सोडलेल्या बायका आपल्या गटांत आहेत. माहेरी परत आलेलीला बापाच्या डोक्याचा आणि बापाच्या शेताचा विचार स्वतःच्या आधी का सुचतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ज्या घरात आपलं ओझं झालंय त्या घराचं आधी भलं मागायचं असतं. स्वतःचं मागणं शेवटी, तेही हळू आवाजात. हा अर्थ वेदाच्या पुस्तकात शोधून लगेच सापडेल असं नाही. पण तो नीट कळायचा तर सूक्तातल्या तीन मागण्यांचा क्रम ठाऊक असायला हवा. म्हणजे दोघी एकमेकींवाचून अडल्या. एकीकडे सूक्त, दुसरीकडे जगणं. अशी अडवणूक झाली की गटात खरी समानता येते. ती घोषणेनं येत नाही.

किमचंही तसंच. ८ जून १९७२ला ट्रांग बांग गावावर नापाम बाँब पडले. नऊ वर्षांची किम रस्त्यावरून उघडी धावत येतेय, तो फोटो जगानं पाहिलाय. त्यावर बोलताना आपण युद्ध, अमेरिका, साम्राज्यवाद असं बोलू लागतो. ते खरंच आहे. पण जळीत विभागात भाजलेल्या बाईचा जबाब होईपर्यंत तिच्या उशाशी बसलेली कार्यकर्ती गटात असेल, तर ती वेगळं सांगते. भाजलेल्या अंगाला कपडा सोसत नाही, असं ती सांगते. किमनंही पेटलेले कपडे अंगावरून ओरबाडून टाकले होते. मग ‘स्टोव्हचा भडका’ हे आपल्या पोलीस ठाण्यांतले दोन शब्द आणि व्हिएतनाम एका कातडीवर येऊन बसतात. कवितेवर चर्चा करायची असते हेही त्या वेळी गट विसरतो. बराच वेळ कुणी बोलत नाही, आणि बोलू नयेच.

आता पहिल्या आक्षेपाकडे, वेळेकडे. केसेस सोडून कविता का?

आपल्या केंद्रावर येणारी बाई कशी बोलते ते आठवा. ती सरळ बोलत नाही. मारहाणीचं सांगता सांगता दिरानं विकलेल्या म्हशीवर येते. तारखा मागेपुढे होतात. सासूबद्दल बोलतेय असं वाटतं आणि वाक्याच्या शेवटी कळतं की ही आईबद्दल बोलत होती. नेमक्या जागी गप्प बसते. तेव्हा टेबलाच्या या बाजूनं आपण काय म्हणतो? “नीट सांग. आधी काय झालं? मग काय झालं?” फॉर्मचे रकाने भरायचे असतात. रकान्यात न बसणारं सगळं गळून जातं, आणि बऱ्याचदा खरी गोष्ट त्या गळलेल्यातच असते. म्हैस तिच्या माहेरची होती. तिच्या नावावर असलेली ती एकच वस्तू होती.

बाईच्या गप्प बसण्याचा अर्थ चुकीचा लावला की काय होतं, हे या महाराष्ट्रानं पाहिलंय. १९७२च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. उच्च न्यायालयानं दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, तेव्हा संमती होती, असा अर्थ देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयानं काढला. १९७९च्या सप्टेंबरात उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. तिथून बलात्कारविरोधी आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. मी हा सगळा लढा वाचनाचा लढा म्हणूनही बघते. एका मुलीच्या गप्प बसण्याचा एक अर्थ न्यायालयानं लावला. चौघांनी तेच पुन्हा वाचलं आणि म्हटलं, वाचन चुकलंय.

अवघड कविता वाचून कुणी न्यायाधीश सुधारेल, असा माझा दावा नाही. जबाब लिहायचा तेव्हा तारीख, वेळ, ठिकाण लागतंच, तिथे कविता चालत नाही. पण जबाब लिहिण्याच्या आधी ऐकणं असतं. अर्धवट वाक्यापाशी थांबणं, मोकळी जागा आपल्या शब्दांनी न भरणं, दोन अर्थ दिसत असतील तर दोन्ही धरून ठेवणं, या ऐकण्याच्या सवयी आहेत. त्या केंद्रावर, समोर रडणारी बाई असताना शिकता येत नाहीत. तिथे चूक झाली तर तिची किंमत ती मोजते. कवितेपाशी त्या शिकता येतात. कविता दहादा चुकीची वाचली तरी कुणाची पोटगी बुडत नाही.

म्हणून काही रीती सुचवते. फळ्यावर लिहून ठेवण्यासारख्या आहेत, पण नियमावली समजू नका.

कविता मोठ्यानं वाचायची, निदान दोनदा, दोन वेगळ्या आवाजांत. अडखळत वाचणारीला मध्ये दुरुस्त करायचं नाही. ती जिथे अडखळते तिथे कवितेतही काहीतरी असतं. जिला वाचता येत नाही तिनं ऐकायचं, आणि पहिलं बोलणं तिचं असू द्यायचं.

पहिल्या फेरीत अर्थ सांगायचा नाही. लागलेला शब्द, दिसलेलं चित्र, आलेला राग, एवढंच.

माहिती असणारीनं ती पदरात बांधून ठेवायची. कुणी विचारलं की सोडायची, आणि विचारलं तेवढीच.

कुणीही काहीही म्हणालं की एकच प्रश्न विचारायचा : कवितेत कुठे दिसलं? हा प्रश्न सगळ्यांना सारखा. एम.ए. झालेलीला जास्त. नाहीतर आपल्या सगळ्या घोषणा आपल्याला प्रत्येक कवितेत सापडू लागतात, आणि कविता वाचायची राहूनच जाते.

शेवटी ठराव करायचा नाही. आपल्याला बैठक संपवताना ठराव करायची फार सवय. इथे न सुटलेले प्रश्न एका वहीत लिहायचे, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात त्यांच्यापासून करायची. ‘कळलं नाही’ म्हणणारीला कुणी समजावून सांगायला धावायचं नाही. ‘कुठे कळलं नाही?’ असं विचारायचं आणि ती जागा पुन्हा वाचायची. बहुतेक वेळा ती जागा कुणालाच कळलेली नसते. बोलायचं धाडस फक्त तिनं केलेलं असतं.

एक भांडणही तुमच्यापुढे ठेवते. ‘भिजकी वही’ एका पुरुषानं लिहिलंय. जगभरच्या बायकांचे अश्रू त्यानं गोळा केले. चळवळ तर सांगते, रडू नका, लढा. मग इतक्या बायकांना पुन्हा रडतानाच का पाहायचं? काहीजणी म्हणतात, हे बाईला दुःखाची मूर्ती करून ठेवणं झालं. काहीजणी म्हणतात, अश्रूंना दुबळेपणा समजणं हीच पुरुषी नजर आहे. कण्णगी रडली आणि शहरही पेटवलं, दोन्ही तिनंच केलं. माझं मत मी आज सांगणार नाही. हे भांडण पुस्तक उघडून, कविता समोर ठेवून करा, एवढीच विनंती. पुस्तक न उघडता केलेली भांडणं आपल्याकडे पुष्कळ झाली.

आणि दुसरा आक्षेप, उपयोगाचा. त्याला नादेझ्दाची गोष्ट पुरे. तिचा नवरा ओसिप मांदेल्श्ताम हा विसाव्या शतकातला मोठा आणि अवघड समजला जाणारा कवी. स्टालिनवर कविता केली म्हणून १९३४ साली त्याला पकडलं. २७ डिसेंबर १९३८ला व्लादिवोस्तोकजवळच्या छावणीत तो मेला. कविता कागदावर ठेवणं धोक्याचं होतं. म्हणून तिनं त्या पाठ केल्या. कापडगिरणीत रात्रपाळी करताना ती यंत्रांमधून धावायची आणि तोंडानं त्या ओळी पुटपुटायची, विसरू नयेत म्हणून. अशी वर्षानुवर्षं. तिच्या आठवणींचं पुस्तक १९७० साली परदेशात छापलं गेलं. त्या कवितांचा उपयोग काय, असं तिला कुणी विचारलं असतं तर? ज्या सरकारला सगळं सोपं, सरळ आणि एकाच अर्थाचं हवं होतं, त्याला त्या कवितांची भीती वाटत होती, आणि एक बाई त्या जिभेवर घेऊन यंत्रापाशी उभी होती. जात्यापाशी बसलेल्या आपल्या आजीपणजीला ही गोष्ट सांगितली असती, तर तिला त्यात अवघड काहीच वाटलं नसतं.

जेवणानंतर आपण पाच गटांत बसतोय. प्रत्येक गटाला ‘भिजकी वही’तली एकेक कविता दिली आहे. प्रश्नांच्या वह्या कोऱ्या आहेत. संध्याकाळी त्या भरून आणा. उत्तरं नसली तरी चालतील.